हँडल आबांच्या खाटेखाली

"साहेब, ऊन पडल्याशिवाय काम सुरू करता येणार नाही."

"काँक्रीट टाकताय का?"

"नाही साहेब. माती भरायची आहे."

"मग उन्हाचा काय संबंध?"

"आत घोरपड आहे."

जळगावहून आमचे उपअभियंता साहेब फोनवर अगदी सावकाश म्हणाले, "मॅडम, आज शुक्रवार. रविवारी जलपूजन. तुम्ही शुद्धीवर आहात ना?"

मी शुद्धीवर होते. गुडघ्यापर्यंत चिखलात होते, पण शुद्धीवर होते.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता आहे. धरणगाव तालुक्यातले काही छोटे तलाव माझ्याकडे आहेत. मोठ्या धरणांचे फोटो कॅलेंडरवर येतात. आमचे तलाव म्हणजे दोन टेकड्यांच्या मधे घातलेला मातीचा लांबलचक बांध, पाणी सोडायला एक लोखंडी गेट आणि जादा पाणी वाहून जायला एका कडेला सांडवा. हा तलाव ज्या गावाचा, त्याचं नाव सांगत नाही. तिथे मला अजून जेवायला बोलावतात, ते बंद व्हायला नको.

हा तलाव भरत नाही, अशी त्याची ख्याती होती. माझ्या आधीच्या तीन अभियंत्यांनी तो भरलेला पाहिला नव्हता. त्या वर्षी मात्र पाऊस जायचं नावच घेईना. दसरा झाला, दिवाळीचे आकाशकंदील भिजून लोंबायला लागले, तरी रोज दुपारी आभाळ भरून यायचंच. वेचणीला आलेला कापूस झाडावरच काळा पडला. नाल्याकाठच्या शेतांत टिबुकल्या, म्हणजे पाण्यात बुड्या मारणारी छोटी पाखरं, पोहायला लागल्या. आणि एका सकाळी तलाव काठोकाठ भरला.

तलाव भरला की त्याची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. साडी, खण, नारळ पाण्यात सोडायचा. हा मान घ्यायला पूर्वी गावची जुनी माणसं पुढे व्हायची, आता नेते येतात. इथेही रविवारची तारीख ठरली. सरपंचांनी बॅनर लावला की नाला खोलीकरणामुळे तलाव भरला. माजी सरपंचांनी समोरच दुसरा लावला की हे सगळं हवामान बदलामुळे झालं, कोणी श्रेय घेऊ नये, आणि तालुक्यात ओला दुष्काळ जाहीर करावा. म्हणजे पाणी आलं म्हणून आभार आणि पाणी आलं म्हणून निवेदन, दोन्ही एकाच मांडवात, एकाच नेत्याला द्यायचं होतं. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर दोन्ही म्हणणी बरोबरच होती.

बुधवारी मी पाहणीला गेले. बांधाच्या कोरड्या बाजूने, पायथ्याने चालत जायचं आणि ओल कुठे आहे ते बघायचं, एवढंच काम. मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरतंच. ते नितळ असेल तर काळजी नाही. गढूळ असेल तर मात्र पाणी स्वतःबरोबर बांधाची माती घेऊन निघालंय असं समजायचं. आत पोकळी होते, ती वाढत जाते आणि एक दिवस बांध बसतो. बांधाखाली अर्ध्या मैलावर तीस-चाळीस घरांची वस्ती होती.

एका ठिकाणी मनगटाएवढी धार लागली होती. मी डब्यासोबत पाणी प्यायला नेलेला स्टीलचा ग्लास तिच्याखाली धरला. चहाच्या रंगाचं पाणी आलं.

पहिला उपचार लगेच केला. मजूर बोलावले आणि त्या जागेवर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठे दगड असे थर दिले. हे चहाच्या गाळणीसारखं काम करतं. पाणी बाहेर येतं, माती आत राहते. पण हा तात्पुरता इलाज. खरा इलाज म्हणजे गेट उघडून तलाव निदान दोन फूट उतरवायचा, म्हणजे बांधावरचा दाब कमी होतो.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "दोन फूट? मग रविवारी दाखवायचं काय? काठाचा चिखल?"

"साहेब, पाणी उतरवू नका असं लेखी द्या. मी थांबते."

"अहो, लेखी कशाला! तुम्ही साइटवर आहात. योग्य तो निर्णय घ्या," साहेब म्हणाले आणि त्यांना अचानक मीटिंग लागली.

निर्णय घेतला. पण गेट उघडणार कसं? गेट वरखाली करायला एक लोखंडी हँडल लागतं. ते काढून ठेवता येतं. खात्याच्या रजिस्टरप्रमाणे हँडल आमच्याकडे होतं. प्रत्यक्षात ते पुंडलिक आबांच्या खाटेखाली होतं. एका उन्हाळ्यात कोणीतरी गेट उघडून तलावातलं उरलंसुरलं पाणी घालवलं होतं. तेव्हापासून गावाने ते हँडल आबांकडे ठेवलं. आबा पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष, सत्तरी ओलांडलेले, आणि पाण्याच्या बाबतीत सख्ख्या भावालाही ओळख न दाखवणारे. आमच्या खात्यातही हे सगळ्यांना माहीत होतं. भरतच नाही त्या तलावाच्या हँडलवरून कोण भांडणार?

आबा ओट्यावर बसले होते. मी सांगितलं आणि त्यांनी मान हलवली.

"वीस वरीस व्हई गयात, मॅडम. तलाव आते भरेल शे. आनी तुम्ही म्हनतस पानी सोडा?"

"दोनच फूट, आबा."

"दोन फूट म्हंजे बठ्ठा गावना हरभरा. हँडल देवाव नही."

सगळ्या गावाचा हरभरा त्या दोन फुटांवर पिकणार होता. मला त्यांचा राग आला नाही. मी बोदवडची. नळाला पाणी आलं की शाळा बुडवून घरी राहायचं, अशा घरात वाढले. भांडं विसळलेलं पाणीसुद्धा आई तुळशीला नाही, मिरचीच्या रोपाला घालायची, कारण मिरची भाजीत पडते. दोन फूट पाणी नाल्यात सोडून द्यायचं माझ्याही जिवावर आलं होतं. पण ती चहाच्या रंगाची धार डोळ्यांपुढून हलत नव्हती.

मी वाद घातला नाही. तो ग्लास भरून आणलेलाच होता. तो त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "आबा, चहा होईपर्यंत हा हलवू नका."

चहा झाला. ग्लासातलं पाणी वर नितळ झालं होतं आणि तळाला गाळाचा थर बसला होता. मी वरचं पाणी ओतून टाकलं. आबांनी तो गाळ चिमटीत घेतला, चोळला, उजेडात धरला. शेतकऱ्याला मातीची ओळख सांगावी लागत नाही.

"हाई तं आपला बांधनी माती शे," ते म्हणाले.

मग ते सांगायला लागले. हा बांध दुष्काळात रोजगार हमीवर झाला. खाणीतून पांढरी माती आणायची, गाभ्याला काळी चिकणमाती आणायची. आबा आणि त्यांची बायको, दोघं पाट्या वाहत होते. मुलगी तेव्हा तान्ही होती, तिला बाभळीच्या सावलीत झोळीत टाकायचे. आता बायको नाही आणि ती मुलगी धुळ्याला नांदते.

"हाई माती आम्ही डोकावर वाहेल शे," आबा म्हणाले. "ती अशी चालनी जाई का?"

ते उठले, आत गेले, आणि हँडल घेऊन आले. चांगलं तेल लावून, गोणपाटात गुंडाळलेलं. खात्याने सांभाळलं असतं तर गंजून गेलं असतं.

"कितलं सोडानं?"

"दोन फूट."

"त्यानावर एक बोट नही. मी तठेच बसस."

गेट कुरकुरत वर आलं. फिरवायला दोन माणसं लागली आणि त्यातले एक आबा होते. खालून पाणी उसळून नाल्यात पडलं, तेव्हा आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. आमच्या रजिस्टरात विसर्गाचा रकाना आहे, याचा नाही.

गुरुवारी मजुरांनी धारेच्या वरच्या अंगाला गवत कापलं, तेव्हा कारण सापडलं. तिथे बांधात आतवर गेलेलं एक बीळ होतं, त्यानेच पाण्याला वाट मिळाली होती. बिळासमोरच्या चिखलात नखांचे ठसे होते आणि मधून शेपटी ओढत नेल्याची रेघ.

आमच्या विनंतीवरून वनरक्षक भाऊ आले. तरुण, हसरे, मोटरसायकलवर चिखलाचा लेप. त्यांनी सगळी हकिकत दोन वाक्यांत मांडली. पावसाने शेतातली उंदरांची आणि घुशींची बिळं बुडाली, म्हणून ते तालुक्यातल्या एकमेव उंच कोरड्या जागी, म्हणजे तुमच्या बांधावर राहायला आले. आणि त्यांच्यामागे जेवायला घोरपड आली.

"मग काढा तिला," मी म्हटलं.

"नाही जमत मॅडम. संरक्षित प्राणी आहे. ती आत असताना खोदायचं नाही, धूरही करायचा नाही. आणि ओढून काढायची तर बांध निघेल, ती निघायची नाही."

"मग?"

"ऊन पडलं की ती आपणहून अंग शेकायला बाहेर येते. तिला जाऊ द्यायचं आणि बीळ बुजवायचं."

गुरुवारी ऊन पडलं नाही. शुक्रवारी तर सूर्य उगवला की नाही याचीच शंका होती. तेव्हाच साहेबांचा तो फोन आला. तलाव इंचाइंचाने उतरत होता, धार बारीक झाली होती, पण बीळ बुजल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. दर तासाला कोणीतरी बांधावर येऊन विचारायचं, "उनी का?" म्हणजे घोरपड आली का, आणि मजूर नकारार्थी मान हलवायचे. महिनाभर पाऊस मोजणारं गाव आता उन्हाची वाट बघायला लागलं.

शनिवारी अकराच्या सुमाराला ढग फाटले. बांधावर निदान पन्नास माणसं होती. वनरक्षक भाऊंनी सगळ्यांना लांब बसवलं आणि बोलायचं नाही असं बजावलं. खानदेशातली पन्नास माणसं अर्धा तास गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. सरपंच आणि माजी सरपंच एकाच दगडावर बसले होते, कारण दुसरा दगड कोरडा नव्हता.

आधी तोंड बाहेर आलं. जीभ लपलपली. मग सगळी घोरपड, हातभर लांब, अंगावर बांधाची माती माखलेली. ती दगडांवर आली आणि अंग पसरून पडली. पंधरा-वीस मिनिटं तिने ऊन खाल्लं. कुठलीही घाई नव्हती. घाई आम्हालाच होती. मग ती उठली आणि डुलत डुलत टेकडीकडे निघून गेली.

"उनी रे! बाहेर उनी!" एका मजुराचा धीर सुटला आणि मग टाळ्याच पडल्या.

आत आणखी कोणी नाही याची वनरक्षक भाऊंनी खात्री केली. मग आम्ही बीळ शेवटपर्यंत उकरलं आणि ओलसर चिकणमाती वीत-वीत थराने भरत गेलो. प्रत्येक थर धुमसाने ठोकायचा. धुमस म्हणजे लाकडी दांड्याचं जड लोखंडी ठोकणं. आबांनी पहिला थर स्वतः ठोकला आणि बाकीच्या थरांना नावं ठेवली. संध्याकाळपर्यंत काम झालं. पायथ्याशी मी पुन्हा ग्लास धरला. पाणी अगदी थोडं होतं आणि नितळ होतं. आबांनी ते पिऊन टाकलं, मी नको नको म्हणेपर्यंत.

रविवारी नेतेसाहेब आले. त्यांनी तलावाकडे पाहिलं, मग आमच्या साहेबांकडे पाहिलं. काठाला दोन फूट ओल्या चिखलाचा पट्टा चकाकत होता.

"तलाव भरलाय म्हणाला होतात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबाच पुढे झाले.

"भरेल व्हता, साहेब. आम्हीच पानी उतारं. बांध वाचाडा."

नेतेसाहेब मुरलेले होते. त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला, माइक घेतला आणि म्हणाले, "पाणी अडवणं सोपं असतं. सोडायला हिंमत लागते. ती या गावाने दाखवली!" पुढची वीस मिनिटं ते असं बोलले, की गेट त्यांनीच फिरवलं असं मलाही वाटायला लागलं. बदलत्या हवामानावर मात केल्याबद्दल त्यांनी गावाचं अभिनंदन केलं आणि ओल्या दुष्काळाचं निवेदनही स्वीकारलं. ओटीची साडी पाण्यापर्यंत न्यायला मात्र चिखलातून उतरावं लागलं. तेवढ्यात आमच्या साहेबांचा एक बूट चिखलात राहिला. तो नंतर मजुरांनी फावड्याने काढून दिला.

बांध टिकला. वस्तीतलं एकही घर हललं नाही. हरभऱ्याला एक पाणी कमी मिळेल अशी भीती होती, पण पुढच्याच आठवड्यात पाऊस पुन्हा आला आणि तलाव परत चढायला लागला.

त्याच आठवड्यात एका सकाळी सहाला फोन वाजला. आबा होते.

"मॅडम, पानी चार बोट चढनं. नवी माती अजून वली शे. सोडू का?"

पाणी साठवायला खानदेशात कोणाला शिकवावं लागत नाही. सोडायला मात्र शिकावं लागतं, आणि ते अशा ओल्या वर्षातच शिकता येतं. आबा सत्तरीनंतर चार दिवसांत शिकले. मी इंजिनियर आहे, तरी त्या फोनवर "सोडा" म्हणायला मला एक मिनिट लागलं.