मनीषाच्या उलट्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि आता आत ठेवून ठेवून जीव गुदमरतोय.

शिरूर कासारच्या एका प्रशिक्षण केंद्रात मी ऊसतोड कामगारांच्या मुलींना तोडणीचं यंत्र चालवायला शिकवते. खरं यंत्र केंद्रात नाही. डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवायचा, हातात दोन दांडे धरायचे, की समोर उसाचा फड उभा. फड पुढं सरकतो, आपण मात्र खुर्चीतच. डोळे म्हणतात चाललोय, अंग म्हणतं बसलोय — आणि पोट ढवळून येतं.

मला कसं माहीत? पहिल्याच आठवड्यात मी स्वतः मोरीत जाऊन ओकले होते. दोनदा. तेव्हापासून चष्मा लावण्याआधी, एसटीत बसताना घेतात ना, ती गोळी घेते. वरिष्ठांच्या कागदावर मात्र दर शनिवारी लिहीत आले — कुणालाही त्रास नाही. नोकरी नवी होती. भ्याले होते मी, दुसरं काय?

मनीषा सगळ्यांत हुशार. एकोणीस वर्षांची. आईबापांचं आयुष्य वाकून ऊस तोडण्यात गेलेलं. ती म्हणायची, मी यंत्रावर ताठ बसणार. पण तिला चष्मा सोसेना. काढू का म्हणाली, तर मीच दटावलं — बस, सवय होईल. घरी जाऊन ओकायची. सकाळीही ओकायची, पुन्हा चष्मा लावायचाय या धास्तीनं. जेवण तुटलं. एकदा अंगणातच चक्कर येऊन पडली.

लग्न न झालेली पोरगी रोज ओकते म्हटल्यावर आमच्याकडे लोक काय समजतात, हे सांगायला हवं का? दवाखान्यात न्यावं तर चार ओळखीचे बघणार, म्हणून तेही नाही. शेवटी तिची आई केंद्रावर आली. तोंडाला पदर लावून दारातच उभी राहिली.

"ताई, तेवढं खरं सांगा. त्या चष्म्यानं उलट्या व्हत्यात का? दुसऱ्या कुन्या पोरीला झाल्या का?"

एका शब्दाचं काम होतं. पण शेजारच्या खोलीत तपासणीला आलेले साहेब बसले होते, आणि मधलं दार उघडं होतं.

"नाही," मी म्हणाले. "कुणालाच नाही."

पंधरा दिवसांत तिचं लग्न उरकलं. टोळीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी झाली की मुकादम नाव लिहून घेतो. दसऱ्यानंतर ती फडावर गेली. मूल झालं ते लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे तिच्यावरचा संशय खोटा होता हे सगळ्यांना कळलं. कुणी तिची माफी मागितली? मी मागितली?

गेल्या महिन्यात मांजरसुंब्याला दिसली. टोळीचा ट्रक ढाब्यापाशी थांबला होता, पोर कडेवर होतं. हसली. चष्मे आहेत का अजून, विचारलं. मग म्हणाली,

"आजून कुनाला तसं झालं का हो, ताई?"

आता ऐकणारं कुणी नव्हतं. साहेब नव्हते. नोकरीही केव्हाच पक्की झालेली. तरी माझ्या तोंडून तेच निघालं — नाही.

"मंग माझ्यातच कायतरी खोट आसंल," ती म्हणाली.

मी होकारार्थी मान हलवली. खांद्याला पर्स होती, आणि पर्समध्ये ती गोळी होती.