जेवणाच्या सुट्टीतलं ध्यान

मुलगी डाव्या बाजूला कलली आणि तिचं डोकं सतरंजीवर आपटलं. समोर बसलेले ट्रेनर डोळे न उघडताच म्हणाले, "कोणी हात लावू नका. ऊर्जा वर चढून राह्यली."

खोलीत प्राध्यापक, क्लार्क, शिपाई आणि बऱ्याच मुली बसल्या होत्या. आवाजानं सगळ्यांचे डोळे उघडले. प्राचार्य गुडघ्यांमुळे खाली बसत नसत, त्यांना पुढं खुर्ची होती. त्यांनीही वळून बघितलं आणि ट्रेनरांचं ऐकून परत डोळे मिटले.

मी हात लावला. हात बर्फासारखे गार होते आणि ओठ पांढरे. मी आणि दोन मुलींनी तिला उचलून लेडीज रूमपर्यंत नेलं. लेडीज रूम म्हणजे बाथरूमच्या बाहेरचा, एक बाक मावेल एवढा बोळ. शिपायानं चहाच्या टपरीवरून साखर आणली. साखरपाणी पोटात गेल्यावर तिनं डोळे उघडले.

तिचं नाव संगीता. एफ.वाय.च्या वर्गात माझ्याकडं सायकॉलॉजीला होती.

"सकाळी काय खाल्लं?"

"चहा."

"डबा आणला न्हाई?"

"आणलाय मॅडम."

"मंग खाल्ला का न्हाई?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी या कॉलेजात नवीनच आले आहे. "कुठं खाऊ?"

हे 'कुठं' समजायला थोडं मागं जावं लागेल.

आमचं कॉलेज जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतं. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं मी तिथं सीएचबीवर होते. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावर. शिकवाल तेवढ्या तासांचा पगार, आणि पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही हे संस्थेच्या मर्जीवर. आमच्याकडं येणाऱ्या निम्म्या मुली आसपासच्या खेड्यांतून एसटीनं यायच्या. एसटी सकाळी सातला गाव सोडायची आणि संध्याकाळीच परत जायची. मुली भाकरी फडक्यात बांधून आणायच्या.

ती भाकरी खायची जागा एकच होती, सात नंबरची खोली. ती कोपऱ्यात होती, तिच्या खिडक्यांना झडपा होत्या आणि दाराला आतून कडी. बाकी वर्गांच्या खिडक्यांना नुसते गज, आणि गजांना बाहेरून मुलं लटकलेली. अशा ठिकाणी तोंड उघडून घास घालायचा आमच्या भागातल्या मुलीला धीर होत नाही. कोणी हसेल, कोणी नाव ठेवेल, आणि ते एसटीतून गावापर्यंत जाईल. पुरुषांना हे सांगावं लागतं. बाईला सांगावं लागत नाही.

तेव्हा कॉलेजला दर्जा देणारी कमिटी येणार होती. कमिटी आली की नवीन उपक्रम दाखवावे लागतात. शौचालयाला दार बसवण्यापेक्षा उपक्रम स्वस्त पडतो. प्राचार्य पुण्याला एका वर्कशॉपला गेल्ते, तिथून 'माइंडफुलनेस' हा शब्द घेऊन आले. आल्याबरोबर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, लंच टाइममध्ये मेडिटेशन सुरू करायचं. स्टाफ आणि स्टुडंट दोघांसाठी. तुम्ही घ्या. तुमच्यात ते असतंच की, विपश्यना वगैरे."

'तुमच्यात' म्हणजे बौद्धांत. माझं आडनाव वाचून माणसाला माझी डिग्री दिसेनाशी व्हायची, ही काही पहिली वेळ नव्हती. माझे वडील जाफराबादच्या बाजारात चळवळीची पत्रकं वाटायचे. पत्रक घेऊन कोणी चुरगाळून टाकलं तर ते उचलायचे, सरळ करायचे आणि पुढच्या माणसाला द्यायचे. त्यांची मुलगी अशा वेळी गप्प कशी बसणार?

"सर, मला ध्यान येतं ते मी एम.ए.ला शिकले म्हणून. आमच्यात असतं म्हणून नव्हे. आणि जेवणाच्या सुट्टीत मी ते घेणार न्हाई. सात नंबर ही मुलींची जेवायची खोली आहे."

"अहो, जेवायला काय, कुठंबी जेवता येतं. मी पण खेड्यातूनच आलो. उपाशीपोटी शिकलो."

"म्हणून दुसऱ्यांनी पण उपाशी राहायचं का?"

"तुमचं बोलणं फार तिखट आहे मॅडम," प्राचार्य म्हणाले. त्यांनी मला पुढच्या वर्षाच्या मुलाखतीची आठवण करून दिली नाही. तेवढं न सांगता कळत होतं.

मी नाही म्हटल्यावर ट्रेनर आले. संस्थेच्या सचिवांचे साडू, जालन्याचे. बियाण्यांची एजन्सी होती, ती मुलाच्या हवाली करून आता ते मन शांत करायचं काम करत. रोज सुट्टीची घंटा झाली की सात नंबरमध्ये सतरंजी पडायची. सुट्टी अर्ध्या तासाची आणि ध्यानही अर्ध्या तासाचं. स्टाफला ऑफ पिरियड असतो, आम्ही त्यात डबा खायचो. मुलं पहिल्या आठवड्यातच टपरीवर पांगली. मुली पांगणार कुठं? त्यांची हजेरी लागायची. समोरून ट्रेनर श्वासाकडं लक्ष द्या म्हणायचे, आणि मुलींचं लक्ष मांडीवरच्या पिशवीतल्या भाकरीकडं.

मी विचारायचे, "जेवता का गं आता?"

"जेवतो मॅडम."

कुठं, ते सांगायच्या नाहीत.

तर संगीता पडली त्या दिवशी मी थेट केबिनमध्ये गेले. ट्रेनर तिथंच चहा घेत बसले होते.

"सर, ती मुलगी भुकेनं पडली."

"टेन्शन असतं मॅडम मुलींना," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही सायकॉलॉजीवालेच सांगता ना."

"टेन्शन बिलकुल न्हाई. पोटात अन्न न्हाई."

ट्रेनर समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, काही साधकांना पहिल्या महिन्यातच अनुभव येतो. मुलगी नशीबवान आहे."

"साखरपाण्यानं उतरणारा अनुभव मी तरी कुठल्या पुस्तकात वाचला न्हाई."

प्राचार्यांनी कप खाली ठेवला. "कमिटी पंधरा दिवसांवर आली मॅडम. आता खोली बदलता येणार न्हाई. फोटो त्याच खोलीत काढलेत."

फोटो काढून झाले होते, म्हणून जेवण बंद. हा हिशोब मला आजही समजलेला नाही.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट एसटीत चढली. संगीतासोबतच्या कोणीतरी ट्रेनरांचं वाक्य ऐकलं होतं. 'ऊर्जा वर चढली' हे वाक्य गावात पोचेपर्यंत 'पोरीच्या अंगात येतं' झालं. दोन दिवसांनी तिचे वडील कॉलेजात आले. पांढरा शर्ट, हातात टोपी. ऑफिसच्या खिडकीवर त्यांनी टीसी मागितला. टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. संगीता त्यांच्या मागं उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

मी तासावरून परत येत होते. "काका, दाखला कशाला?"

"ठिवून काय करू बाई? लोक म्हनून राह्यले, पोरीला झटके येतात. कोणी म्हनतं बाहेरचं हाय. तिची माय म्हनती राजूरच्या गणपतीला नेऊन आणू अन् जल्दी उजवून टाकू. एकदा नाव झालं तर पोरगी कोण करील?"

"तिला काही झालेलं न्हाई. तुम्ही आत चला."

मी त्यांना प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेलं. मला वाटलं, प्राचार्य आता तरी सरळ सांगतील की मुलगी धडधाकट आहे. प्राचार्य म्हणाले, "काळजी करू नका. हे चांगलं लक्षण आहे. ध्यानात असं होतं कधी कधी."

वडिलांनी टोपी डोक्यावर चढवली. "म्हंजी खरंच हाय ते. द्या दाखला."

एका वाक्यात मुलीचं शिक्षण संपत होतं, आणि ते वाक्य बोलणारा माणूस डॉक्टरेट मिळवलेला होता. माझा आवाज चढला. "संगीता, तुझ्या डब्याचं काय होतं ते सांग."

तिनं खांद्यावरची पिशवी मागं सारली.

"डब्बा तर रोज रिकामा येतो," वडील म्हणाले. "फडकं झटकून आणती."

"सांग," मी परत म्हटलं.

"स्टँडवरच्या कुत्र्यांना टाकते," संगीता खाली बघत म्हणाली. "आम्ही सगळ्याच टाकतो. परत नेला तर माय विचारती, का खाल्ला न्हाई. मंग कॉलेजात जेवायला जागा न्हाई म्हटलं तर घरी बसवतील."

स्टँडवरची ती जाडजूड कुत्री मी रोज बघत होते.

"कवापासून?" वडिलांनी विचारलं.

"ध्यान सुरू झाल्यापासून."

"तुझी माय पहाटं चूल पेटवती गं." ते एवढंच म्हणाले. मग त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, फडकं सोडलं आणि भाकरी आणि ठेचा प्राचार्यांच्या टेबलावर मांडला. काचेखाली संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो होता, त्याच्यावर. "खा. मी हाय हितं."

"अहो, इथं कसं," प्राचार्य उठले.

"तुमी बसा की साहेब. तुमच्याच कालेजात खाऊन राह्यली."

सुट्टीची घंटा झाली. संगीता भिंतीकडं तोंड करून बसली आणि तिनं पहिला घास मोडला. मी केबिनबाहेर पडले आणि सात नंबरच्या दारात उभी राहिले. मुली सतरंजीवर बसत होत्या. ट्रेनर म्हणत होते, पाठ ताठ ठेवा.

"पोरींनो, डबे घ्या आणि माझ्यामागं या," मी म्हटलं. "आजपासून जेवण प्राचार्यांच्या केबिनमध्ये."

पहिल्यांदा कोणी हललं नाही. मग मागच्या रांगेतली एक जाडशी, सगळ्यांची टिंगल करणारी मुलगी उठली. "चला गं. गैरहजेरी लागली तं लागली. त्या कुत्र्यांना आता कालवण बी लागायलंय."

सगळ्या हसल्या आणि उठल्या.

केबिन लहान होती. मुली खुर्च्यांवर, जमिनीवर, फाइलींच्या कपाटाला टेकून बसल्या. इतक्या मुलींमध्ये पुरुषानं थांबणं बरं दिसेना, म्हणून प्राचार्य बाहेर आले. संगीताचे वडीलही आले. सुट्टी संपेपर्यंत ते दोघं व्हरांड्यात खांबाजवळ शेजारी शेजारी उभे होते. वडिलांनी त्यांना सुपारी दिली. ती त्यांना घ्यावी लागली. शेवटी वडील म्हणाले, "दाखला ऱ्हाऊ द्या. जागा द्या तेवढी."

दुसऱ्या दिवशीही मुली डबे घेऊन केबिनसमोर उभ्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी सात नंबरची सतरंजी उचलली गेली. ध्यान पहिल्या तासाच्या आधी ठेवलं. तेव्हा एसटी आलेली नसायची, त्यामुळे ट्रेनर आणि दोन शिपाई एवढेच शांत व्हायचे. पुढं ट्रेनरांनाही जालन्याहून लवकर निघणं जमेना.

गावातली कुजबुज एका दिवसात थांबली नाही. संगीताच्या वडिलांनी महिनाभर प्रत्येकाला सांगितलं, पोरगी भुकेनं पडली होती. बापानं आपल्या पोरीच्या भुकेची गोष्ट चारचौघांत सांगावी, हे सोपं नसतं. संगीता बी.ए. झाली.

कमिटी आली. सात नंबरच्या दारावर नवी पाटी होती: 'विद्यार्थिनी भोजन कक्ष. संकल्पना: प्राचार्य.' कमिटीतल्या बाईंना तो उपक्रम फार आवडला. त्यांनी प्राचार्यांचं अभिनंदन केलं आणि प्राचार्यांनी ते घेतलं. मी मागच्या रांगेत उभी होते. पुढच्या वर्षीच्या मुलाखतीत मला सांगितलं, विषयाला तास कमी झालेत. तास तेवढेच होते. माणूस बदलला.

मी आता दुसऱ्या तालुक्यात शिकवते. तिथं आठवड्यातून एकदा मुलामुलींना आणि स्टाफला ध्यान शिकवते, कारण ध्यान ही चांगली गोष्ट आहे आणि ती कोणाच्या साडूच्या मालकीची नाही. घंटा वाजवण्याआधी एकच विचारते, "जेवले नाहीत असे कोण?" एक जरी हात वर आला तरी त्या दिवशी सतरंजी पसरत नाही.