टाकीजआत्याची कोंडलेली माणसं

टाकीजआत्यानं कधी एकाही पिक्चरचा शेवट बघितला नव्हता, आणि तरी आमच्या गावाला सगळे शेवट तिच्याकडूनच कळायचे. भानगड एसटीची होती. कळमनुरीच्या बाजारात बकरं विकून झालं की बाई दुपारच्या खेळाला शिरायची, आणि खेळ ऐन रंगात आला की गावाकडची शेवटची गाडी निघायची. मग पुढचं तिचं ती रचायची. ती माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. स्वतःचा नवरा वारल्यावर माहेरी परतलेली, भावाची शेळ्यामेंढरं सांभाळणारी, आणि तोंडाची अशी फटकळ की विचारू नका! मी नवी सून होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला दम भरला, "हिंगोलीची हाईस म्हणं. मंग तू शेवट बगितले असशील. इथं कुणाला सांगत बसू नको."

हळद निघाली की आम्ही बायका रानात गड्डे मोडायला बसायचो. हात पिवळे, पदर पिवळे, डोळे मिटले तरी आत पिवळंच दिसायचं. त्या गुंगीत आत्याचा पिक्चर सुरू व्हायचा. तिचा हीरो कयाधूच्या पात्रातून घोडा घालायचा आणि मारामारी करून दमला की बांधावर बसून भाकरी खायचा. खोटं आहे हे आम्हाला बराबर ठाऊक असायचं. पण तिच्या पिक्चरमध्ये कुणी मरत नसे. "तिकीट काढून वर रडायचं काहून?" हे तिचं ठरलेलं.

एका वर्षी हळदीतच शेजारच्या सरूकाकूच्या दत्ताबद्दल निरोप आला. एकुलता एक पोरगा, ट्रकवर ड्रायव्हर. माल घेऊन लांब पूर्वेकडच्या डोंगरात गेला आणि बंदूकवाल्यांनी त्याला गाडीसकट धरून नेलं. त्यापुढं काहीच कळेना. सरूकाकूचं बोलणंच बंद झालं. रानात यायची, गड्डे मोडायची, निघून जायची.

आणि नेमका त्याच आठवड्यात टाकीजला तसलाच पिक्चर लागावा! डोंगरातला पडका किल्ला, आत अतिरेक्यांनी ओलीस धरलेली बसभर माणसं, आणि त्यांना सोडवायला निघालेला एकटा फौजी. आत्या सवयीनं सांगत सुटली आणि मध्येच तिच्या ध्यानात आलं, आपण कुणापुढं काय सांगून राहिलो. तिनं जीभ चावली. पण सरूकाकूनं मान वर केली होती.

"त्यायला खायला कोण देतं, वन्सं?"

आत्या गडबडली. "देतात की. भाकरी देतात."

"आन् सुटतात का?"

कुठलाही शेवट जिच्या तोंडात तयार, ती बाई त्या दिवशी "पुढच्या बाजारी सांगते," म्हणाली. घरी आल्यावर मला म्हणाली, "सूनबाई, हे मनचं सांगून भागायचं न्हाई. बगूनच यावं लागंल."

पुढच्या बाजाराला शेवटची एसटी तिच्याशिवाय आली. सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं. ती रात्र स्टँडवर काढून बाई सकाळच्या गाडीनं उतरली आणि मला गोठ्यामागं घेऊन गेली. "फौजी लई भारी निघाला गं. सगळ्यायला सोडवलं त्यानं. बसचा डायवर तेवढा... गोळ्या चालू असताना यानं दार धरून ठिवलं, सगळी उतरली, आन् ह्यो मागंच ऱ्हायला." तिनं गोठ्याच्या भिंतीवर हात आपटला. "आग लागो त्या पिक्चरला! शेवट बगत नव्हते तेच बरं व्हतं."

रानात सरूकाकू वाट बघतच होती.

"रीळ तुटली, वैनी," आत्या म्हणाली. "शेवट दावलाच न्हाई."

"मंजी ते अजून तिथंच हायेत?"

"व्हय. पर जिते हायेत."

तीन तासांचा तो पिक्चर मग आत्यानं कितीतरी हंगाम चालवला. फौजी आपला डोंगर चढतोच आहे. इकडं किल्ल्यात कोंडलेल्यांनी चुली मांडल्या, भिंतीकडेला मिरच्या लावल्या, एका बाईचं बाळंतपणही झालं. ड्रायव्हर सगळ्यांना हसवून ठेवायचा. थंडीच्या दिवसांत सरूकाकूनं त्याच्या अंथरुणाची चौकशी केली, तर आत्यानं पहारेकऱ्याकडून त्याला घोंगडी देवविली. हसू नका, मलासुद्धा तो किल्ला दिसायचा. हळद शिजू लागली, रानात वाफ पसरली, की वाटायचं, तो पलीकडंच आहे, हाक मारली तर कुणीतरी ओ देईल.

पोलिसांनी हात टेकले, ट्रकमालकानंही टेकले. दत्ता आला नाही, त्याची खबरही आली नाही.

गावात मोबाईल आले, कळमनुरीचं ते टाकीज बंद पडलं, आणि आत्यानं अंथरूण धरलं. दोन शब्द बोलली तरी धाप लागायची. सरूकाकू तिच्या उशाशी येऊन बसली.

"वन्सं, रीळ तुटली म्हणल्या, तवाच तुमचं तोंड बगून मला कळलं व्हतं. लई वर्सं सांभाळलं तुमी माझ्या लेकराला. आता तुमच्या मागं त्येला कोण खाऊ घालंल? शेवट सांगून टाका."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवून नको म्हणत होते. पण तिनं सरूकाकूचा हात हातात घेतला.

"त्यानं दार धरलं, वैनी. सगळी उतरली. म्हातारी माणसं, लेकरं, ती बाळंतीण, सगळी."

"आन् ह्यो?"

"ह्यो न्हाई उतरला."

सरूकाकू रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा ऐकत होते. आत्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि मी दारात उभी राहून दोघींसाठी रडले.

आत्या त्याच आठवड्यात गेली. तेराव्याला तिच्या नावानं पान वाढलं, तेव्हा सरूकाकू घरून ताट झाकून घेऊन आली आणि आत्याच्या पानाला लागून तिनं दत्ताचं पान वाढलं.