वैजयंतीचा डावा हात

परभणीच्या पोलीस मुख्यालयात फायरिंगच्या सरावाचा दिवस असला की एक गोष्ट ठरलेली असते. सगळी रांग पोटावर पालथी पडते, सगळ्यांच्या बंदुका उजव्या खांद्याला, आणि मधेच एक बाई उलटी. ती वैजयंती मिटकरी. तिची बंदूक डाव्या खांद्याला, गाल भलत्या बाजूला टेकलेला, पायही भलतीकडंच पसरलेले. नवा साहेब आला की विचारतोच, ह्या बाईंना कोणी शिकवलं म्हणून. जुनी माणसं सांगतात, साहेब, आधी टार्गेट बघून या. साहेब टार्गेट बघून येतो आणि दुसऱ्या विषयावर बोलू लागतो.

त्याला वाटतं, बाई डावखुरी असेल. पण तीच बाई डबा उजव्या हातानं खाते, सही उजव्या हातानं करते, पोरीची वेणीही उजव्याच हातानं घालते. डावा हात ती एरवी वापरतच नाही. त्यामागं जे झालं ते चुडाव्यात झालं.

चुडाव्याला स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर सांबप्पा मिटकरींचं किराणा दुकान होतं. घर लिंगायतांचं. सांबप्पा माणूस मोकळा, गिऱ्हाइकाशी गप्पा मारताना दोन पैशाचा माल जास्त तोलणारा. पण त्यांची बायको बसम्मा, म्हणजे वैजयंतीची आई, पूजेच्या बाबतीत फार कडक. रोज सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळव्यावर घ्यायचं, तळवा छातीसमोर धरायचा आणि नजर लिंगावरून हलू न देता बसायचं. भस्म लावायचं, बेल वाहायचा तो उजव्या हातानं. डाव्यानं काही करायचं नाही, देवाला बसायला जागा द्यायची, बस. बसम्माच्या लेखी डावा तळवा हा देवाचा पाट होता. त्या तळव्याला खरकटं लागलेलं तिला खपत नसे.

आणि अशा बाईच्या पोटी वैजयंती निघाली डावरी. भाकरीला हात डावा, खराट्याला डावा, चपलेला डावा. डावऱ्या लेकराला लोक कुठंही दटावतात, दोन चापट्या मारतात आणि विसरून जातात. बसम्मानं कधी चापट मारली नाही. ती जुन्या लुगड्याची पट्टी घ्यायची, पोरीचा डावा हात कमरेशी बांधायची आणि मगच ताट वाढायची. पोरगी रडली तर स्वतः घास भरवायची, डोळे पुसायची, पण पट्टी सोडायची नाही.

"लेकराचा हात हाय तो," सांबप्पा म्हणायचे. "बांधून कामून ठेवायलीस?"

"पाटावर खरकटं सांडतं का कुणी?" बसम्मा म्हणायची.

शाळेत जायच्या वयापर्यंत पोरीचा हात बदलला. बसम्माला वाटलं, पोरीचं कल्याण झालं. डोळ्यालाही डावं-उजवं असतं, हे त्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. हातासारखी डोळ्याला पट्टी कुणी बांधली नव्हती, त्यामुळं तो होता तिथंच राहिला.

वैजयंती मोठी झाली ती पळतच. रुळाच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर ती पहाटे पिंगळीच्या दिशेनं धावत सुटायची. पोलीस भरतीत तिला मैदानी चाचणीत अडवणारं कुणी भेटलं नाही. निवड झाली त्या दिवशी सांबप्पांनी दुकानात येईल त्याच्या हातावर पेढा ठेवला. मग ती दूरच्या जिल्ह्यातल्या प्रशिक्षण केंद्रात गेली. परेडमध्ये नाव काढलं, कायद्याच्या पेपरात निभावलं, आणि बंदुकीपाशी येऊन आपटली.

शिकवायला सटवाजी नावाचे हवालदार होते. पोलिसात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. हे उस्ताद पाथरीकडचे, तोंडानं फाटके.

"ए मिटकरी, डावा डोळा मीट."

तिचा डावा डोळा एकटा मिटेचना. मिटला तर दोन्ही मिटायचे, नाहीतर नुसतं पाणी यायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवून, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, टार्गेटवर नीट जुळवून ती चाप ओढायची, आणि तिच्या टार्गेटचा कागद कोरा निघायचा. तिच्या डाव्या हाताला निकिता नावाची पोरगी पडलेली असायची. तिच्या कागदावर मात्र तिनं झाडल्या त्याहून जास्त गोळ्या लागलेल्या असायच्या.

"निकिता, तुला मिटकरीचा पगार पण देऊन टाकू का?" उस्ताद म्हणायचे. सगळी रांग हसायची. पहिल्यांदा वैजयंतीही हसली होती. नंतर तिला हसू येईना. फायरिंगमध्ये नापास झालेल्यांना तुकडीबरोबर बाहेर पडता येत नसे. त्यांना घरी पाठवत, पुढची तुकडी येईपर्यंत. आणि घरी गेलेली पोरगी परत येतेच असं नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. गावात अशी पोरगी परतली की तिच्यासाठी स्थळं बघायला लागतात.

शेवटच्या चाचणीच्या आधी एका दुपारी उस्तादांनी तिला मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली बसवलं. रागावण्याचं त्यांच्याकडं आता काही उरलं नव्हतं.

"दोन्ही हात पुढं धर. पंजे एकावर एक ठेव, मधी बारीक भोक राहू दे. त्यातून तो झेंड्याचा खांब बघ. दिसायलाय?"

"दिसायलाय."

त्यांनी आपला तळहात तिच्या उजव्या डोळ्यापुढं धरला. खांब तिथंच होता. मग डाव्या डोळ्यापुढं धरला. खांब गेला.

उस्तादांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, "बाई, तू बघायलीस डाव्या डोळ्यानं अन् मारायलीस उजव्या खांद्यावरनं. गोळी बिचारी जाईल कुठं?"

त्यांनी आधी सोपे उपाय करून पाहिले. तिला एक साधा चष्मा घालायला लावून त्याच्या डाव्या काचेवर कागद चिकटवला. काहींचं तेवढ्यावर भागतं. वैजयंतीच्या उजव्या डोळ्याला टार्गेट पाण्यात पडल्यासारखं हलताना दिसू लागलं आणि थोड्या वेळानं डोकं ठणकायला लागलं. पिस्तुलाचं सोपं होतं. मान जराशी वळवून ते डाव्या डोळ्यासमोर आणलं की झालं, हात बदलायची गरज नव्हती. पण बंदुकीला खांदा लागतो आणि खांद्याला गाल लागतो, तिथं मान वळवून भागत नाही.

"डोळा काय बदलत न्हाई," उस्ताद म्हणाले. "खांदा बदल. डाव्या हातानं मार. साहेबाची परवानगी मी काढतो. लहानपणी डावरी होतीस का?"

"व्हय," ती म्हणाली, आणि तिनं आपल्या डाव्या तळव्याकडं पाहिलं.

त्याच सकाळी बराकीच्या कोपऱ्यात बसून तिनं त्याच तळव्यावर लिंग घेतलं होतं. तोपर्यंत डावा हात बंदुकीला खालून आधार देत आला होता, त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. आधार देणं वेगळं. आता त्याच हाताच्या बोटानं चाप ओढायचा होता. बसम्माची लेक होती ती, तिला हे आईला न विचारता करवेना. रविवारी तिनं फोन लावला.

"माय, मला डाव्या हातानं गोळी मारावी लागंल."

पलीकडं दुकानात कुणीतरी साखर मागत होतं. बसम्मानं विचारलं, "उजव्यानं काय झालं?"

"उजव्यानं लागतच न्हाई. डोळा डावा हाय माझा. मी मुळातली डावरी ना, उस्ताद म्हणले."

"म्हंजे मी बांधला म्हणून?"

वैजयंतीला 'तसं नाही' म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. तिच्या मनात त्या क्षणी आईबद्दल राग होता, खरा, कडू राग, आणि तो तिला लपवता आला नाही.

"देव बसतो त्या हातावर, वैजू," बसम्मा म्हणाली. "त्याच हातानं जीव घेशील?"

"माणूस न्हाई माय. कागद हाय."

"आज कागद हाय."

फोन सांबप्पांकडं गेला. त्यांनी सगळं ऐकलं असावं. "तुला दिसतंय तसं मार," ते म्हणाले. "तुझ्या मायचं मी बघतो."

त्यांच्यानं काही बघणं झालं नाही, ही गोष्ट निराळी.

दुसऱ्या दिवसापासून वैजयंतीनं बंदूक डाव्या खांद्याला लावली. अंगाला ते अजिबात मानवेना. पाय भलतीकडं जायचे, गाल लाकडावर बसायचा नाही, आणि उडालेली रिकामी पुंगळी आता नाकासमोरून सणकन जायची, त्यानं ती दचकायची. पण डाव्या बोटाला काहीही शिकवावं लागलं नाही. श्वास सोडून थांबायचं, हात दगडासारखा ठेवायचा आणि नजर हलू द्यायची नाही, हे उस्तादांच्या कितीतरी आधी तिला आईनं शिकवून ठेवलं होतं. हे ध्यानात आलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. पण डोळ्यात पाणी घेऊन माशी दिसत नाही, म्हणून तिनं ते पुसून टाकलं.

चाचणीच्या दिवशी तिच्या गोळ्या तिच्याच कागदावर लागल्या, त्याही मधोमध. निकितानं तिला मिठी मारली. उस्ताद म्हणाले, "आता निकिताचं कसं व्हायचं?" आणि तोंड फिरवून निघून गेले.

वर्दी घालून ती चुडाव्याला आली तेव्हा बसम्मानं ओवाळलं, पुरणाची पोळी केली, मीठमोहरी उतरवून टाकली. आईनं करायचं ते सगळं केलं. सकाळी वैजयंती आंघोळ करून नेहमीसारखी आईच्या शेजारी पूजेला बसली. तिनं डाव्या तळव्यावर लिंग घेतलं. बसम्मा उठली, आपलं आसन उचललं आणि पलीकडच्या भिंतीशी तिच्याकडं पाठ करून बसली.

पुढं प्रत्येक सुट्टीत असंच होत राहिलं. बोलून भांडण झालं असतं तर सोपं गेलं असतं. वैजयंतीचं लग्न झालं, परभणीत घर झालं, लेक सृष्टी झाली, सांबप्पा गेले, दुकान बंद पडलं. एवढ्या वर्षांत तिनं माणसावर एकही गोळी झाडली नाही. कैद्यांना कोर्टात नेलं, निवडणुकीत मतपेट्यांपाशी उभी राहिली, सणाला बंदोबस्त केला. हे आईला सांगावं असं तिला फार वाटायचं. पण बसम्मानं कधी विचारलं नाही, आणि न विचारता सांगणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं वाटायचं. फायरिंग असेल त्या दिवशी मात्र ती पूजेआधी डावा हात पुन्हा पुन्हा धुवायची. नवरा एकदा म्हणाला, अगं, कातडं निघंल. ती धूतच राहिली.

गेल्या वर्षी बसम्माच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, वाचाही आली, पण डावी बाजू गेली. दवाखान्यातून वैजयंतीनं तिला परभणीला आपल्या घरी आणलं, आणि इथं खरी अडचण उभी राहिली. बसम्मा पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवत नसे. दवाखान्यात सलाइनवर भागलं, घरी काय करायचं? पहिल्या सकाळी तिनं उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला, तळवा उघडला, त्यावर लिंग ठेवलं. तळवा आपोआप कलंडला. वैजयंतीनं झेप घालून लिंग वरच्या वर झेललं म्हणून बरं, नाहीतर जमिनीवरच गेलं असतं. बसम्माचा चेहरा त्या दिवशी जसा झाला तसा सांबप्पा गेले तेव्हाही झाला नव्हता.

ओळखीचे स्वामी येऊन सांगून गेले, उजव्या हातावर घ्या, न्हाईतर मनानं करा, देव समजून घेतो. बसम्मानं मान हलवली. "बसायला जागाच न्हाई तर त्याला बोलावू कशाला?" ती म्हणाली. मग तिनं जेवण सोडलं. औषधापुरतं घोटभर दूध घ्यायची, तेही डोळे मिटून, पाप केल्यासारखं. डॉक्टर रागावले, जावई विनवण्या करून थकला, सृष्टी आजीपाशी ताट घेऊन बसून राहायची. बाई दिवसागणिक वाळत चालली. आई आता हट्टानंच जाणार, हे वैजयंतीला दिसत होतं.

एका सकाळी ती कामावर जायच्या आधी आईसमोर मांडी घालून बसली. तिनं आईचा लुळा डावा हात उचलला आणि त्याच्याखाली आपला उजवा तळवा लावला. देव आईच्याच हातावर बसणार होता, खालून फक्त आधार. उजवाच हात पुढं करायचं तिनं आधीपासून ठरवलं होतं. पण वजन पेलून तो हात थरथरायला लागला, आणि वरचा तळवा पुन्हा कलायला लागला.

बसम्मानं त्या हाताकडं पाहिलं. "ह्यो नको," ती म्हणाली.

वैजयंतीनं हात काढून घेतला. आईला तिचा कुठलाच हात चालणार नाही, असं तिला वाटलं, आणि आता रडायचं नाही एवढंच तिनं मनाशी धरलं.

"डावा लाव."

"माय," वैजयंती म्हणाली, "कालच फायरिंग झालंय माझं. त्याच हातानं."

"ठाव हाय मला." बसम्माची जीभ जड झाली होती, एकेक शब्द ती उचलून ठेवल्यासारखा बोलत होती. "म्हणून तर म्हणायलेय. त्यो हलत न्हाई."

वैजयंतीनं डावा तळवा आईच्या तळव्याखाली लावला. बसम्मानं उजव्या हातानं लिंग ठेवलं, भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं आणि नजर लावली. पूजा होईपर्यंत दोघींपैकी कुणी हललं नाही. मग बसम्मानं भाकरी मागितली.