खुर्चीवरचा कोट

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही मला तुमच्या संगणकाची काळी खिडकी दाखवलीत. एक आज्ञा टाइप केली की आत काय काय चालू आहे ते ओळीनं दिसतं: कोण काम करतंय, कोण झोपलंय, कोण कोणासाठी अडलंय. एक प्रोग्राम तर केव्हाच संपलेला होता, तरी जागा अडवून बसला होता. तुम्ही हसलात. मला आमचं तालुक्याचं कार्यालय आठवलं, म्हणून हे लिहून ठेवते.

सत्तरच्या दशकात मी वडीगोद्रीजवळच्या एका गावात शिक्षिका होते. शाळेचा हापसा बंद पडला. गावच्या विहिरीत आमच्या बौद्ध वस्तीतल्या मुलींना पोहरा टाकता येत नसे. हाप्शावर मात्र सगळ्याच पाणी पीत. तो बंद पडताच या मुली घागरी घेऊन नाल्याकडे जाऊ लागल्या आणि त्यांचं शाळेत येणं थांबलं. बिघाड एवढाच, की आतला चामड्याचा वायसर झिजला होता.

कार्यालयात दर वेळी एकच उत्तर मिळे, "काम चालू आहे." शेवटी मी टेबलाटेबलाशी जाऊन एकच प्रश्न विचारला, "तुम्ही कोणासाठी थांबलात?"

मिस्त्री म्हणाला, "वायसरसाठी, बाई."

स्टोअरवाले म्हणाले, "सहीसाठी. सही झाली की बिलकुल जल्दी देतो."

सहीची खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर काळा कोट होता.

"साहेब कुठं आहेत?"

"आत्ताच भायेर गेल्ते," शिपाई म्हणाला. "कोट दिसून राह्यला ना? मंग हाईतच."

कोट खुर्चीवर म्हणजे माणूस हजर, असा तिथला शिरस्ता. पण या कोटाच्या कॉलरमध्ये कोळ्यानं संसार थाटला होता.

"आत्ताच म्हणजे कधीपासून?"

शिपायानं आठवून पाहिलं. "बदली झाल्यापासून."

साहेब भोकरदनला गेले, कोट न्यायचा राहिला. कागद मात्र रोज अदबीनं त्याच्यापुढे ठेवले जात. कोटानं कधी कोणाला नकार दिला नव्हता, त्यामुळे तक्रारही नव्हती.

मी कोट उचलून खुंटीला लावला. शेजारच्या टेबलावरचे बाबू दचकलेच.

"बाई, काय केलं हे! आता खुर्ची रिकामी झाली की. मंग साहेबांच्या जागी सही मलाच करावी लागन!"

"करा."

त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री वायसर घेऊन आला, आणि मुली वर्गात परतल्या.

तो हापसा अजून शाळेच्या आवारात आहे, आणि त्याला पाणी येतं.