रुमाल टाकून धरलेली जागा

२००२च्या जुलैमध्ये बास्केटबॉल लीगने येत्या मोसमाची पगारमर्यादा जाहीर केली. ती आदल्या वर्षीपेक्षा कमी होती. त्याच दुपारी आमच्या संघाने आपल्या सर्वांत जुन्या खेळाडूवरचा हक्क सोडला. पत्र मी टाइप केलं, जनरल मॅनेजरने सही केली, फॅक्सही मीच लावला.

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका व्यावसायिक संघाच्या ऑफिसात मी पगारमर्यादेचं काम बघत होते. त्याआधी पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर काही वर्षं काढली होती आणि मग इकडे येऊन स्टेट कॉलेज या गावच्या विद्यापीठात स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस. केलं होतं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. पाहुण्यांना तो माझी ओळख करून द्यायचा ती अशी: "ही बास्केटबॉलवाल्यांची तलाठी." पाहुणे हसायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे नेमकं काय करतेस गं?"

खेळाडूंच्या पगारावर एका संघाने किती खर्च करायचा याची वेस लीग दर जुलैत ठरवते. बाहेरून खेळाडू आणायचा तर त्या वेशीच्या आत जागा शिल्लक असावी लागते. आपल्याच जुन्या खेळाडूला मात्र वेस ओलांडूनही ठेवता येतं. अट एकच: त्याचा करार संपला तरी नवा होईपर्यंत त्याचं नाव एका ठरावीक रकमेनिशी हिशेबात अडकवून ठेवायचं. नवऱ्याच्या शिकागोच्या काकांना मी हे एस.टी.वरून समजावलं होतं. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं. माणूस अजून खाली उभा असतो, पण सीट अडलेली असते. रुमाल उचलला की तिथे दुसऱ्याला बसवता येतं. पहिल्याचा हक्क मग संपला.

आमचा रुमाल होता संघातल्या सर्वांत जुन्या खेळाडूचा, चेंडू पुढे नेणाऱ्या गार्डचा. वय तेहतीस, गुडघा दोनदा उघडलेला, करार जूनअखेर संपलेला. आमच्या मॅनेजरला बाहेरून आणायचा होता दुसऱ्या संघाचा एक तरुण सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच गडी. योजना सोपी होती. आधी सेंटरला मर्यादेच्या आत बसवायचं आणि मग रुमालाच्या हक्काने गार्डला मर्यादेच्या वर, पूर्ण पगारावर घ्यायचं. गार्डने फक्त शेवटपर्यंत थांबायचं. मॅनेजरने त्याला तसा शब्द दिला होता. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लीगमध्ये बोलणी करता येतात, सह्या करता येत नाहीत. त्यामुळे त्या दिवसांत सगळं तोंडी चालतं आणि ते तोंडी आहे हे सगळे विसरतात.

योजना दोन गोष्टींवर उभी होती. एक म्हणजे मर्यादेचा आकडा वाढणार. दुसरी, सेंटरचा जुना संघ त्याला जाऊ देणार. त्या संघाला आमच्याइतकीच रक्कम देऊन मुदतीत त्याला परत घेण्याचा अधिकार होता.

आकडा मॅनेजरच्या केबिनमधल्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलेला होता. कोणीतरी तो चुकून न पुसल्या जाणाऱ्या मार्करने लिहिला होता. आमचा प्रत्येक हिशेब त्या आकड्यापासून सुरू व्हायचा. लीगकडून तो आलेला नव्हता. लीगच्या टिपणात मर्यादा खालीही येऊ शकते असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पुण्यात पेपरच्या डेस्कवर असा आकडा कोणी आणला असता तर पहिला प्रश्न आला असता, "कोणी सांगितलं?" मी तोच विचारला.

"सगळेच म्हणतायत," मॅनेजर म्हणाला.

मी माग काढला. त्याला तो आकडा दुसऱ्या एका संघाच्या माणसाने सांगितला होता. त्या माणसाने तो एका एजंटकडून ऐकला होता. एजंटला मी फोन केला. तो म्हणाला, "अहो, तुमच्याच साहेबांनी सांगितला. मे महिन्यात, जेवताना."

हे मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "बघ, म्हणजे सगळ्यांचं एकमत आहे."

जूनमध्ये मी एक उपाय सुचवला होता. आमच्याकडे एक राखीव फॉरवर्ड होता. करार लांब, खेळ कमी. एका संघाकडे मोकळी जागा होती आणि सोबत पुढच्या एखाद्या वर्षी नवे खेळाडू निवडण्याची आमची एक पाळी दिली तर तो संघ त्याला घ्यायला तयार होता. तो गेला असता तर आकडा खाली आला तरी सेंटर आणि रुमाल दोन्ही बसत होते. मॅनेजरला ते पटलंही. मग तिकीट विक्रीचे लोक आले. हायवेवरच्या नव्या होर्डिंगवर त्या फॉरवर्डचा फोटो होता. तो हसतो छान, सह्या देतो, मोसमी तिकीटवाल्यांच्या पिकनिकला न चुकता येतो. होर्डिंग वर्षभरासाठी घेतलेलं होतं.

"फोटो बदलता येईल," मी म्हटलं.

"छापून झालाय," तिकीट विक्रीवाले म्हणाले.

फॉरवर्ड राहिला.

सह्यांवरच्या बंदीच्या दिवसांत मॅनेजर रोज माझ्या टेबलाशी यायचा आणि म्हणायचा, "आणखी एकदा करून बघ. सेंटरला पहिल्या वर्षी थोडं कमी दिलं तर?" मी करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा: "थोडं जास्त दिलं तर?" ते आदल्याच्या आदल्या दिवशी करून झालेलं असायचं. मी तोच कागद पुन्हा छापून द्यायचे. तो लक्षपूर्वक वाचायचा आणि म्हणायचा, "हे जरा बरं दिसतंय."

त्याच दिवसांत गार्ड मला पार्किंगमध्ये भेटला. उन्हाळ्यातही तो सकाळी सरावाला यायचा. मला तो प्रोफेसर म्हणायचा.

"प्रोफेसर, माझी जागा आहे ना?"

खेळाडूंशी हिशेबाबद्दल बोलायची मला परवानगी नव्हती. मी म्हटलं, "आकडा जाहीर झाला की कळेल."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे जाहीर झालेला नाही."

तो हसला. "माझ्या बायकोपेक्षा तू वाईट आहेस. ती निदान नाही म्हणते." मग गाडीला टेकून त्याने सांगितलं ते असं: वेस्ट कोस्टच्या एका संघाने त्याला दोन वर्षं देऊ केली होती, चांगल्या पगारावर. त्याने नको म्हणून कळवलं. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं. बापाचे करार बदलले तशा तिने शाळा बदलल्या होत्या. या खेपेला, आहे त्याच शाळेतून ती पास होईल आणि तोवर आपण घरी असू, असं त्याने तिला सांगितलं होतं. "साहेबांनी शब्द दिलाय," तो म्हणाला.

मधल्या रविवारी आम्ही शिकागोला गेलो. देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पार्किंग शोधण्यात सकाळ गेली, मग डाळी, पोहे आणि गोडा मसाला घेऊन काकांकडे जेवायला. काका केमिकल इंजिनियर, तीस वर्षं अमेरिकेत. ते बास्केटबॉल टीव्हीवर बघत आणि पेपरमध्ये वाचत. सेंटरच्या बातम्या त्यांना तोंडपाठ होत्या.

"अगं, त्या सेंटरला घ्या आणि तुमच्या म्हाताऱ्याला नारळ द्या. विचार कसला करताय?"

"काका, सेंटरला त्याचा जुना संघ परत घेऊ शकतो."

"एवढे पैसे देताय म्हटल्यावर कोण मॅच करतंय!"

"तेवढीच रक्कम देऊन मॅच करणं त्यांच्या हातात आहे."

"नाही करणार. मी सांगतो ना."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? कॉमन सेन्स आहे."

नवरा म्हणाला, "काका, हिला ऑफिसमध्ये हेच ऐकावं लागतं, आता इथेही नको." काकूंनी वाढता वाढता विचारलं, "त्या म्हाताऱ्याचं वय काय?" मी सांगितलं. "तेहतीस? आणि हे त्याला म्हातारा म्हणतायत," काकू म्हणाल्या. "एकसष्टी झाली तरी स्वतः तरुण." काकांनी टीव्ही लावला.

सोमवारी मी मॅनेजरला तोच प्रश्न विचारला: जुन्या संघाने मॅच केलं तर? तो म्हणाला, "एवढी ऑफर कोण मॅच करणार?" शब्द जवळजवळ काकांचेच होते.

मग आकडा आला. फॅक्स मशीनमधून तो पानाच्या मध्यावर छापून बाहेर पडला आणि मी तो मॅनेजरच्या केबिनमध्ये नेला. त्याने कागद पाहिला, मग फळ्याकडे पाहिलं. फळ्यावरचा आकडा पुसायचा प्रयत्न केला, तो पुसला गेला नाही. राखीव फॉरवर्डला घेणार होता त्या संघाला त्याने फोन लावला. मर्यादा सगळ्यांचीच कमी झाली होती. त्यांच्याकडची जागाही संपली होती.

"एकदा करून बघ," तो मला म्हणाला.

मी करून बघितलं. उत्तर एकच येत होतं. सेंटर हवा असेल तर रुमाल उचलावा लागणार.

"उचलला तर मर्यादेच्या वर गार्डला फक्त लीगचा किमान पगार देता येईल," मी म्हटलं. "आणि सेंटरला त्यांनी परत घेतलं तर तोही नाही, हाही नाही."

"तो थांबेल," मॅनेजर म्हणाला. "त्याची मुलगी इथल्या शाळेत आहे."

मी विचारलं, "त्याला आधी फोन करणार का?" त्याने सांगितलं, आधी पत्र जाऊ दे. पत्र गेलं. फोन संध्याकाळी झाला. तो केबिनचं दार लावून झाला, त्यामुळे त्यात काय बोललं गेलं ते मला माहीत नाही. दार उघडल्यावर मॅनेजर म्हणाला, "समजून घेतलं त्याने." एजंटने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं ते वेगळं होतं. गार्डने एकच विचारलं होतं, "आकडा जाहीर झाला तेव्हा सांगितलं का नाहीत?"

सह्यांवरची बंदी उठली आणि सेंटरने आमच्या ऑफरवर सही केली. आता त्याच्या जुन्या संघाच्या मुदतीपर्यंत आमची मोकळी जागा त्याच्या नावाने अडली. गार्डला आम्ही किमान पगारापलीकडे काहीच देऊ शकत नव्हतो. वेस्ट कोस्टच्या त्या संघाकडे दोन वर्षांची ऑफर राहिली नव्हती. एक वर्ष आणि कमी रक्कम होती. तरी ती आमच्या किमान पगारापेक्षा जास्त होती. मुदत चालू असतानाच त्याने तिथे सही केली.

तो लॉकर रिकामा करायला आला तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये होते.

"प्रोफेसर, जाहीर झालं का आता?"

"झालं," मी म्हटलं.

"मुलीला सांग मग. माझ्यावर तिचा विश्वास नाही." त्याने पिशवी खांद्यावर घेतली आणि मागच्या दाराने गेला.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सेंटरच्या जुन्या संघाने आमच्याइतकीच रक्कम मान्य करून त्याला परत घेतलं. अडलेली जागा मोकळी झाली. मॅनेजर माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "आता गार्डला पूर्ण पगारावर घेता येईल ना? एकदा करून बघ." मी सांगितलं, त्याने दुसरीकडे सही केली आहे. ती सही झाल्याचा लीगचा कागद मॅनेजरच्याच टेबलावर होता. "हो का," तो म्हणाला.

काकांचा त्या आठवड्यात फोन आला नाही. पुढल्या भेटीत ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं, त्या सेंटरच्या भानगडीत पडू नका." काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाताकडे वळल्या.

ऑक्टोबरमध्ये मोसम सुरू झाला. राखीव फॉरवर्ड हायवेवर हसत राहिला. मोकळी केलेली जागा आम्ही त्या वर्षी वापरली नाही.

गार्ड त्या वर्षी वेस्ट कोस्टला भाड्याच्या घरात एकटा राहिला. बायको आणि मुलगी आमच्या शहरात थांबल्या. जूनमध्ये मुलगी त्याच शाळेतून पास झाली, आणि त्याच महिन्यात त्यांचं इथलं घर विकलं गेलं.