जाऊबाईंची चाळीस मिनिटं

आमच्या बोअरला मोटार एक, टाक्या दोन, आणि संशय घ्यायला मी एकटी पुरे. बीबी गावात आमचं एकाच अंगणात दोन चुलींचं घर आहे. एका बाजूला थोरले दीर आणि जाऊबाई, दुसऱ्या बाजूला आम्ही. सकाळी विजेची लाइन आली की आधी अर्धा तास त्यांची टाकी, मग अर्धा तास आमची. त्या मोठ्या, म्हणून पहिली पाळी त्यांची. पण अर्धा तास मोजायचा कोणी, यावरून रोज कुरबुर. मी म्हणायचे तुमचं जास्त झालं, त्या म्हणायच्या तुहं घड्याळ पुढं हाये. शेवटी माझा नवरा वैतागला. "हे असंच चाललं तं दिवाळी झाली की मी अंगणात भिंत घालतो अन् आपला दुसरा बोअर घेतो. मंग भांडत बसा भिंतीशी." नुसतं बोलला नाही, विटांची ट्रॉली आणून तुळशीपाशी उतरवली.

मला भिंत नको होती. लग्न होऊन आल्यापासून त्या अंगणात आम्ही दोघींनी मिळून वाळवणं घातली, मिरच्या खुडल्या, एकमेकींच्या पोरांना न्हाऊ घातलं. आणि खरं सांगायचं तर जाऊबाईंशिवाय मला करमलं नसतं, भांडायलासुद्धा.

लग्नाआधी मी मेहकरला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते. सासरी त्याचा उपयोग एवढाच की गल्लीतले बिघडलेले मिक्सर माझ्याकडे येतात. मलकापूरला माहेरी गेले तेव्हा तिथल्या दुकानातून एक टायमर रिले मॉड्यूल आणलं, लावलेली वेळ संपली की करंट आपोआप तोडणारं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, वर आकडे दाखवणारा छोटा डिस्प्ले, एका कडेला तीन स्क्रू. जुन्या सेट-टॉप बॉक्सचा बारा व्होल्टचा अडॅप्टर त्याला जोडला. रिलेवर दहा अँपिअर लिहिलं होतं, पण सुरू होताना मोटार किती ओढेल याचा मला भरवसा नव्हता. छापलेल्या आकड्यावर मी एकदम विश्वास ठेवत नाही. म्हणून मोटारीची वायर रिलेवर घेतलीच नाही. मोटारीच्या पेटीतल्या मोठ्या कॉन्टॅक्टरला, म्हणजे मोटारीचा भार पेलणाऱ्या स्विचला, चालू-बंद करायचं, एवढंच काम त्याला दिलं.

पहिल्या दिवशी वायर चुकीच्या स्क्रूखाली गेली आणि बटण न दाबताच मोटार सुरू झाली. जाऊबाई हसत हसत ओट्यावर बसल्या. "हे तं तुह्यासारखंच हाये वं. कोणी काही म्हणायच्या आधीच सुरू."

वायर बदलली. मॉड्यूल एका प्लॅस्टिकच्या डब्ब्यात बसवलं आणि आकडे दिसावेत म्हणून झाकणाला छोटी खिडकी कापली. मॉड्यूलवरचं बटण फारच बारीक होतं, म्हणून त्याच्या वायरी बाहेर काढून झाकणावर एक मोठं हिरवं बटण बसवलं. एकदा दाबलं की तीस मिनिटं मोटार, मग आपोआप बंद. झाकण स्क्रूनं आवळलं आणि सगळ्यांना बजावलं, आत करंट आहे, कोणी उघडायचं नाही. दोन आठवडे घर कसं शांत होतं. नवमीला जाऊबाईंनी विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा केली, त्यात माझ्या डब्ब्यालाही हळदकुंकू लागलं. मला बरं वाटलं.

दसरा झाला आणि त्यांची मोटार चाळीस मिनिटं चालायला लागली.

मी स्वयंपाकघरातून मोबाइलवर वेळ लावून बघितलं. चाळीस. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. माझ्या पाळीला मात्र तीस म्हणजे तीस. दुपारी मी स्वतः जाऊन बटण दाबलं, तिथंच उभी राहिले, बरोब्बर तिसाव्या मिनिटाला मोटार थांबली. म्हणजे यंत्र ठीक होतं. मग बिघडलं होतं ते कोण, हे उघडच होतं. बाई बाहेरून भोळी दिसते, पण आतून पोचलेली आहे, असं मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं. तो विटांकडे बघत राहिला.

मी झाकणाच्या फटीवर माझा एक केस चिकटवला. कोणी झाकण उघडलं तर केस तुटणार. सकाळी मोटार एकोणचाळीस मिनिटं चालली आणि केस जागच्या जागी. एखाद्या शहाण्या बाईनं तिथं विचार बदलला असता. मला वाटलं, हिनं केस पाहिला आणि उघडून झाल्यावर दुसरा लावला. इतकं डोकं माझं चाललं, फक्त उलट्या दिशेनं.

शेवटी मी एका सकाळी त्यांची पाळी झाल्या झाल्या मेन स्विच पाडला आणि स्क्रू काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला, बटणाच्या पायांपाशी, लाल रंग होता. कुंकू. हातात पुरावा आला. बटणाच्या वायरी सोडवून झाकण घेऊन मी अंगणात गेले. दीर चहा पीत होते, नवरा गाडी पुसत होता.

"बाई, तुमी डब्बा उघडता. रोज उघडता. हे पाहा तुमच्या बोटाचं कुंकू आत."

जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी झाकण पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मी काऊन उघडू वं? मले त्यातलं काय समजते?"

"मंग कुंकू आत कसं गेलं?"

"मी बाहेरून लावते. नवमीपासून रोज लावते. पाण्यात कालवून देवाले लावलं की त्याच ओल्या हातानं त्यालेबी, अन् मंग बटन दाबते." त्यांनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुह्या हातचं हाये म्हणून."

बटणाभोवतीचा ठिपका मी रोज बघत होते. पण आमच्या घरात कुंकू कशाला नसतं? उंबऱ्याला आहे, तिजोरीला आहे, लाइटीच्या मीटरला आहे. मी केस शोधत बसले आणि समोरचं कुंकू मला दिसलंच नाही.

मी सगळ्यांना मोटारीपाशी नेलं, झाकण परत जोडलं, मेन स्विच चालू केला, त्यांच्याच करंड्यातलं कुंकू त्यांच्यासारखंच पाण्यात कालवून बटणाला लावलं आणि बटण दाबलं. ओल बटणाच्या कडेनं आत उतरली. डिस्प्लेवर तीस आला आणि तिथंच अडकला. कुंकू ओलं होतं तोवर मॉड्यूलला वाटत होतं की बटण अजून कोणीतरी दाबूनच धरलंय. दहाएक मिनिटांनी ते सुकलं, आणि तेव्हा कुठं तीसचे एकोणतीस झाले. आम्ही चौघं त्या आकड्याकडे बघत उभे होतो. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. मी जाऊबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "असू दे," आणि पुन्हा तांदूळ घेऊन बसल्या.

बटणावर मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. आता ओल आत जात नाही. भिंत झाली नाही. त्या विटांचा नवऱ्यानं धुणं धुवायला ओटा बांधला, आणि आम्ही दोघी त्यावरच कपडे धुतो. बोलणं आहे, हसणं आहे, भाजीची वाटी इकडून तिकडे जाते. फक्त त्यांची पाळी आली की त्या मला हाक मारतात, "ये वं, दाब तेवढं बटन," आणि मी दाबेपर्यंत दोन हात लांब उभ्या राहतात.

यंदाच्या नवमीलाही त्यांनी सगळ्या अवजारांची पूजा केली. विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, माझा मिक्सरसुद्धा. संध्याकाळी मी मोटारीकडे गेले. पेटीला हळदकुंकू होतं, पाइपाला होतं. माझ्या डब्ब्याला नव्हतं.